चौकातली गोरी पद्मा

पद्मे, तुला चौकात टांगलंय.

आणि तू गोरी झालीयेस. थोडीथोडकी नाही, साबणाच्या जाहिरातीतल्या बाईनं अंगाला साय चोपडून उभं राहावं तशी. गाल गुलाबी, ओठ गुलाबी, डोळ्यांत एवढा पांढरा की आत ट्यूब लावल्यासारखं वाटावं. डोक्यामागे पिवळं तेज. तेजामागे जांभळे ढग. ढगांत दोन कबुतरं, पण ती दोन नाहीतच, एकालाच उलटं करून पुन्हा चिकटवलंय. दोघांच्याही पंखाला एकाच जागी कापल्याची खूण आहे म्हणून कळलं. खाली कमळ, समई, आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं सोनेरी, सोनेरीला पांढरी कड, पांढऱ्याला लाल कड, लालला सावली.

मी रिक्षातून उतरले, वर बघितलं आणि मला किळस आली. खोटं कशाला सांगू, रडू आलं नाही. तू गेल्याचं कळल्यापासून रडण्याशिवाय मी दुसरं काही केलं नव्हतं आणि इथं, तुझ्याच फोटोखाली, डोळे एकदम कोरडे. किळस ही फार कोरडी गोष्ट असते.

शेजारी ती फुलवाली बसली होती, जिच्याकडून तू रोज अबोली न्यायचीस. मला म्हणाली, "कोण गेली ओ ही? डॉक्टरीण होती काय?"

"अहो, पद्मा. तुमच्याकडची अबोली नेणारी."

तिनं मान वर करून नीट बघितलं. "नसंल," म्हणाली. "ती काळी होती की."

पद्मे, मी माइकवर बोलून पोट भरणारी बाई. लग्न असो, डोहाळजेवण असो, बचतगटाचा मेळावा असो, जनरेटर बंद पडला तरी माझी जीभ बंद पडत नाही. पण फुलवालीच्या त्या 'नसंल'वर मी नुसती मान डोलावली. ती बरोबरच बोलत होती. सोलापूरच्या भवानी पेठेतली जी पद्मा गेली, ती वर नव्हतीच.

तुझ्या तोंडचा एक शब्द त्या क्षणी मला फार हवा होता. 'छी.' दातांवर जीभ ठेवून, हळू, जणू भातात खडा लागलाय. तुझ्या क्लासमध्ये येणाऱ्या प्रत्येक बाईला ती 'छी' मिळालेली आहे. मला तर पहिल्याच दिवशी मिळाली. मी नवाकोरा टॅब आणि पेन घेऊन तुझ्या बाहेरच्या खोलीत बसले होते. शेजारच्या घरातले माग खडखडत होते, त्यामुळे तू बोलताना ओरडायचीस आणि ऐकणाऱ्याला वाटायचं तू चिडलीयेस. कधी कधी चिडलेलीही असायचीस. माझ्या कार्यक्रमांची पोस्टरं मीच करायची, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. मी गुलाब काढला. टॅबमध्ये रंगांचा समुद्र होता, मी त्यात पोहून आले. लाल, राणी, केशरी, जांभळा, मधेच मोरपंखी.

"छी," तू म्हणालीस. मग जांभळ्यावर बोट ठेवलंस. "हा कशाला?"

"छान दिसतोय की."

"छान दिसतोय तर साडी घे त्या रंगाची. गुलाबात कशाला?"

मग तू सांगितलंस, की तू चादरींची डिझाइनं काढायचीस तेव्हा प्रत्येक रंगासाठी वेगळं सूत लागायचं. चौकटीच्या कागदावर मोर काढला आणि त्याच्या मानेत एक रंग जास्त घातला, तर मागावर आडवं सूत नेणारा एक धोटा वाढायचा, विणणाऱ्याचा हात वाढायचा, आणि मालक कागद उचलून एवढंच विचारायचा, हा कशाला? उत्तर नसेल तर रंग गेला. पुढे ती डिझाइनं कॉम्प्युटरवर आली, मग कामच कमी झालं, आणि तू आम्हा बायकांना टॅबवर चित्र काढायला शिकवायला लागलीस. पण तो प्रश्न तू बरोबर आणलास. टॅबमध्ये रंग फुकट आहेत म्हणून तुम्ही पिसाळता, म्हणायचीस. चार रंग घ्या. पाचवा हवा असेल तर आधी मला उत्तर द्या.

मी तुला उत्तरं द्यायचे, ती ऐकून बाकीच्या हसायच्या, आणि तू न हसता पाचवा रंग पुसून टाकायचीस.

तुझं शिकवणं म्हणजे सगळी किळसच होती गं. आम्ही आखूड आखूड रेघा जोडत गाल काढायचो, तर तू म्हणायचीस, "ही रेघ आहे का सुरवंट? मनगटानं सह्या करतेत. रेघ खांद्यातनं येते. हात अख्खा फिरव, एकदाच, आणि चुकली तर पुसून पुन्हा एकदाच." आम्ही सावलीला काळा लावायचो, तर म्हणायचीस, "सावलीत काळं घातलीस की गाल राहत नाही, तवा होतो. सावलीला पण रंग असतोय, बघ की जरा." आणि तो मऊ धुरकट ब्रश, जो प्रत्येक नवशिक्या बाईला जीव की प्राण असतो, त्याला हात लावायला तू आम्हाला कितीतरी महिने बंदी घातली होतीस. आधी कडक ब्रशनं उजेड कुठं आणि अंधार कुठं ते ठरवा, नाही ठरलं तर चित्राचे सगळे रंग काढून नुसतं करडं करून बघा, म्हणायचीस. ज्यांना ठरवता येत नाही तेच धूर सोडतेत.

एकदा मी सासूबाईंचं चित्र काढायला घेतलं. दुपारभर झूम करून एकेक पापणी काढली. तू आलीस, दोन बोटांनी ते चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं केलंस आणि विचारलंस, "कोण आहे ही?"

"सासूबाई."

"मला बटाटा दिसायलाय."

"मग बरोबर आहे," मी म्हणाले.

तेवढी एकच वेळ, जेव्हा तू क्लासमध्ये हसलीस आणि तुला ते आवरलं नाही. पण हसता हसताच तू चित्र आरशात बघितल्यासारखं उलटं केलंस, आणि सासूबाईंचा एक डोळा अक्कलकोटला निघाला, दुसरा बार्शीला. सरळ चित्रात मला ते दिसलंच नव्हतं. आपल्या चुकांची आपल्या डोळ्याला सवय होते, म्हणून मधून मधून उलटं करून बघायचं. हे तू चित्राबद्दल बोलत होतीस. मी ते पुढे माइकवर संसाराबद्दल वापरलं आणि टाळ्या घेतल्या. तुझं नाव घेतलं नाही.

आणि तो कागद मळवायचा प्रकार. कोणतंही चित्र सुरू करताना तू आधी सगळा पांढरा पडदा मातकट करड्या रंगानं भरायला लावायचीस. मला ते कळायचंच नाही, स्वच्छ पांढऱ्यावर काढायला काय झालं? "पांढऱ्यावर सगळंच काळं दिसतंय सुमे. मग तू घाबरून प्रत्येक रंग उजळ करत बसतीस. आधी कागद मळव, मग रंग खरे बोलतेत."

आपलं शेवटचं भांडण त्या उजळ करण्यावरूनच झालं, नाही का. तुझ्या गल्लीतल्या एका बाईला तिच्या मुलीचं चित्र हवं होतं, लग्नाच्या हॉलच्या दारात लावायला. तू काढलंस. मुलगी सावळी, नाक तरतरीत, एक दात किंचित पुढे, अगदी तीच. आई म्हणाली, जरा उजळ करून द्या की. तू नाही म्हणालीस. आई चित्र न घेता गेली. मी तुला म्हणाले, करून द्यायचं होतंस गं, तुझं काय जातंय.

"तू माइकवर नवरीला चांदणी म्हणतीस, ते ठीक आहे," तू म्हणालीस. "बोललेलं हवेत जातं. चित्र दारात राहतं. त्या पोरीला येता जाता सांगणार ते, की तू चुकलीयेस आणि हे बघ दुरुस्त करून."

"आनंद होता त्यांचा."

"आनंद नव्हता. लाज होती. लाजेवर कमळ काढलं म्हणून तिचा आनंद होत नाही."

तू मागे वळून भात उतरवायला गेलीस आणि मी घरी आले. रस्त्यात मला उत्तर सुचलं. फार सुंदर उत्तर होतं, मी ते गुरुवारच्या क्लाससाठी ठेवून दिलं. आता ऐक. माणूस वर्षभर आपल्याच तोंडात राहून कंटाळतो पद्मे. चित्र म्हणजे त्याची एक दिवसाची सुट्टी. सुट्टीवर जाणाऱ्याला आपण घरचा पत्ता विचारतो का?

गुरुवारी तू नव्हतीस. हे उत्तर मला अजूनही आवडतं. पण चौकातला तो फ्लेक्स बघितल्यावर ते तोंडात धरवेना.

मी तडक फ्लेक्सच्या दुकानात गेले. तिथला रेवण तुला माहीत आहे, वाढदिवस, निवडणूक आणि मयत, तिन्ही तोच छापतो. मी म्हणाले, "रेवण, ही कोण टांगलीस तू?"

"पद्मामॅडम की ओ काकू. चांगल्या आल्यात ना? लाइट मारलाय."

"ती अशी होती का?"

"अशी कोण असतंय?" तो म्हणाला. "काळं ठेवलं तर घरचे फ्लेक्स परत आणतेत. म्हणतेत, आमच्या माणसाचा मान ठेवला नाहीस. म्हणून मी एक सेटिंगच करून ठेवलंय. फोटो टाकला की आपोआप बसतंय. नगरसेवक असू दे, नाहीतर गेलेलं माणूस असू दे, सगळ्यांना एकच."

मी दुकानाबाहेर येऊन आजूबाजूला बघितलं आणि तो खरं बोलत होता. जन्मभर सोलापूरच्या उन्हात भाजून निघालेला माणूस मेला की काश्मीरचा होतो. विजेच्या खांबापासून रिक्षा स्टॉपपर्यंत सगळे मेलेले आणि सगळे वाढदिवसवाले एकाच आईची लेकरं. पण नाक मुरडायला काय लागतं, दुरुस्त करायला घरच्यांची परवानगी लागते. म्हणून तुझ्या घरी गेले.

तुझे श्रीनिवासराव दारातच बसले होते. मला वाटलं होतं, फ्लेक्स रेवणनं परस्पर बिघडवला असेल आणि भाऊजी माझ्यापेक्षा जास्त चिडलेले असतील. तर ते म्हणाले, "बघितला ताई? छान केलाय ना. मीच सांगितलं होतं त्याला, उजळ कर म्हणून."

मी चपला काढून पायरीवर बसले.

"लग्नात आमच्याकडच्या बायकांनी तिला तोंडावर काळी म्हटलं होतं. माझ्या आईनंसुद्धा. तिनं कधी पावडरचा डबा घरात येऊ दिला नाही, पण ऐकलं तर सगळं. रविवारी दिवसकार्याला तेच सगळे येणार. आता तरी कुणी म्हणू नये."

सांग पद्मे, याला काय उत्तर देतेस? तू 'छी' म्हणाली असतीस का? मला नाही म्हणता आलं. त्यांनी तुला झाकलं नव्हतं, वाचवायला बघितलं होतं, फक्त फार उशिरा आणि चुकीच्या रंगात. मी एवढंच सांगितलं, की फुलवालीनं तुला ओळखलं नाही. नसंल म्हणाली.

ते उठून उभे राहिले. मग म्हणाले, "मग तुम्ही काढा. तिच्या विद्यार्थिनी ना तुम्ही? रविवारपर्यंत काढा. मला ती वाटली तर लावू. नाही वाटली तर हाच राहू दे."

आता माझी परीक्षा होती आणि परीक्षक तुझा नवरा. मी तिथंच, तुझ्या खोलीत, टॅब उघडला. पडदा मळवला. एक लेअर रेघांचा, एक रंगांचा, एक सावलीचा, बस. खांद्यातून हात फिरवला. चेहरा छोटा करून बघितला, उलटा करून बघितला, बटाटा नव्हता. मग रंग भरायला घेतला आणि पहिल्याच पावलाला अडकले.

फोटोतून रंग उचलायचा तर फोटोच खरा नाही. भाऊजींच्या मोबाइलमध्ये तुझे शेकड्यांनी फोटो, आणि एकात म्हणून तू नाहीस. मोबाइल स्वतःच उजळ करून ठेवतो, कुणी न सांगता. लग्नातल्या फोटोंत फोटोग्राफरनं धुतलेली. आणि आधार कार्डावर तर थेट दरोडेखोर. जगात तुझा रंग कुठेही शिल्लक नव्हता. मी तपकिरी रंगाचा एक ठिपका ठेवला आणि भाऊजींना विचारलं, "असा?"

"नाही. ही बाहेरनं आल्यावरची. उन्हातली."

मी थोडा बदलला. "असा?"

"लाल जास्त झाला. तिच्यात लाल होता, पण इथं," त्यांनी आपल्या नाकपुडीला आणि कानाच्या पाळीला हात लावला. "कपाळ पिवळसर. हनुवटी जरा राखाडी. गळ्यापाशी फिकी."

तू आम्हाला हेच सांगायचीस, माणसाच्या तोंडात एक रंग कधीच नसतो, कपाळ, नाक आणि हनुवटी वेगवेगळं बोलतात. मला ते पाठ होतं. त्यांना पाठ नव्हतं, ते फक्त आठवत होते. मी रंग बदलत राहिले, ते 'नाही' म्हणत राहिले, आणि प्रत्येक 'नाही'नंतर थोडे जवळ सरकत आले. शेवटी तर टॅबवर नाक टेकेल इतके. ज्या माणसाला तू गोरी हवी होतीस, त्याला तुझ्या कोपराच्या आतला रंग माहीत होता. डाव्या गालावर वांग कुठून सुरू होतो, तो माहीत होता.

मग मी टिकली काढली. लाल, मोठी, नेहमीची. त्यांनी मान हलवली.

"टिकली असू दे. पण तिच्याखाली गोल फिकं आहे. रात्री काढून आरशाला लावायची ना, तेव्हा दिसायचं. इतकी वर्षं लावून तेवढीच जागा उन्हापासून राहिली होती." त्यांनी आपल्या भुवयांच्या मधे बोट टेकवलं. "तेवढीच गोरी होती ती."

मी टिकलीखालच्या लेअरवर तो फिका गोल काढला. वर टिकली लावली, गोल झाकला गेला. कुणालाच दिसणार नाही. 'हा कशाला' म्हणून तू विचारलं असतंस, तर या एका रंगाचं उत्तर माझ्याकडे होतं.

चित्र रेवणकडे नेलं तर तो डोकं खाजवायला लागला. "काकू, टॅबवर उजेड मागनं येतोय. फ्लेक्सला मागनं कोण उजेड देणार? असंच छापलं तर डांबर येतंय. उजेडाची पट्टी एक घर पुढं सरकवून उजळ करून द्या." त्यानं एक तुकडा छापून दाखवला आणि खरंच डांबर. तू सांगितलं होतंस हे कधीतरी, पडदा आणि छपाई सख्ख्या बहिणी नाहीत म्हणून. तेव्हा मी ऐकलं नव्हतं, कारण मी काही छापणारच नव्हते. म्हणजे शेवटी मलासुद्धा तुला उजळ करावंच लागलं, पद्मे. तू कुठे असशील तिथं हस. एक घर केलं. छापून बघितलं, पुन्हा अर्धं घर. रेवण म्हणाला, "एवढं करून काळीच आणायची होती, तर एवढा ताप कशाला?" मी म्हणाले, गोरी आणायला ताप होत नाही रे, ते तुझं सेटिंग करतं.

माझं तुझ्याजवळ एक बोलायचं राहिलं होतं, ते इथं बोलून घेते. तुझ्या क्लासनं माझी पोस्टरं काही सुधारली नाहीत. पण आता भर लग्नात मला नवरीच्या गळ्यापाशी पावडर कुठं संपते ती रेघ दिसते, तिच्याखालची खरी मुलगी दिसते, आणि मग 'चांदणी' म्हणवत नाही. त्याऐवजी मी तिला नावानं हाक मारते. मंडपातली माणसं जरा दचकतात, पण नवरी मान वर करून बघते. हे तुझं देणं आहे. तुझं नाव तेव्हाही घेत नाही, कारण कुणाला कळणार.

रविवारी सकाळी रेवणनं शिडी लावली. गोरी पद्मा खाली उतरली आणि तू वर गेलीस. ढग नाहीत, कबुतरं नाहीत, मागे नुसता मातकट करडा, पुढे तू, खाली नाव. शिडीवरूनच रेवण म्हणाला, "काकू, खाली आमच्या दुकानाचं नाव टाकलं नाही ते बरं झालं." उतरवलेल्या फ्लेक्सचं काय करायचं विचारलं, तर भाऊजी म्हणाले, स्कूटरवर टाका, धूळ फार बसते. तोंड आतल्या बाजूला येईल असा टाकला, ते मी बघितलं.

पाहुणे यायला लागले. आपल्या क्लासच्या बायका आल्या. रांगेत उभ्या राहून हात जोडले, डोळे मिटले, आणि मग डोळे उघडल्यावर एक म्हणाली, "कान खाली आलाय का गं?"

दुसरी म्हणाली, "कान नाही, मान जाड झालीय."

"उलटं करून बघितलं नसणार हिनं."

"बघितलं होतं," मी म्हणाले.

"मग नीट बघितलं नसणार."

दिवसकार्याला आलेल्या तुमच्याकडच्या बायका थबकून ऐकायला लागल्या. त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी वर बोट करून तुमच्या घरच्या तेलुगूत काहीतरी विचारलं. मला वाटलं, आला तो लग्नातला शब्द. भाऊजी फ्लेक्सखालीच उभे होते, त्यांनी मला अर्थ सांगितला. आजी विचारत होत्या, की ही कुणावर एवढी चिडलीय?

भाऊजींनी वर बघितलं. हात जोडायला म्हणून छातीपर्यंत आणले, आणि तसेच खाली सोडले.

"त्या आधीच्या फोटोला मी रोज हात जोडत होतो," ते म्हणाले. "हिला कुठं जोडू, ताई? ही तर आमची पद्मा आहे."

मग ते एक पाऊल मागं गेले, डोळे बारीक केले आणि म्हणाले, कान खरंच खाली आलाय. मी म्हणाले, असेल तर नखभर. ते म्हणाले, बोटभर. आणि पाहुणे जेवायचे खोळंबले असताना, भर चौकात, तुझ्या कानावरून आम्ही दोघं भांडायला लागलो.